वांग्यावरचा आळ

आमच्या भागात कोणी संत्र्याची बाग पाहायला आलं, की मालक झाडाच्या फांदीला हात लावून म्हणतो, "हे आपलं." मग तो खाली वाकतो. जमिनीपासून वीतभर वर खोड जिथे किंचित फुगलेलं असतं, तिथे बोट टेकवतो आणि म्हणतो, "अन् हे उस्मानचं."

त्या फुगीर जागेला जोड म्हणतात. जोडाच्या खाली जंबेरी असते, रानटी लिंबाची जात. फळ इतकं आंबट की बकरीसुद्धा तोंड फिरवते, पण मूळ असं की काळ्या मातीत कंबरेइतकं खोल जाऊन घट्ट बसतं. जोडाच्या वर संत्रा. या दोघांना एका अंगात नांदायला लावणारा माणूस म्हणजे उस्मान कलमवाला. मोर्शीच्या अलीकडे, पलीकडे, जिथपर्यंत माणूस सायकलने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येऊ शकतो तिथपर्यंतच्या बागांत त्याचे जोड आहेत. त्याच्या स्वतःच्या नावावर मात्र संत्र्याचं एकही झाड नाही. घराच्या अंगणात एक जंबेरी आहे, आपोआप उगवलेली, आणि तिच्यावरही त्याने कधी कलम बांधलं नाही.

त्याचे जुने दोस्त, बागायतदार महादेवराव पाटील, त्याला नेहमी डिवचायचे, "काहून रे उस्मान, गावाचे जोड लावते अन् घरची जंबेरी तशीच कुवारी?"

"तिले तशीच राहू द्या पाटील," उस्मान म्हणायचा. "आमची कुलसुमबी तिचं लोनचं घालते. तुमच्या संत्र्याचं लोनचं घालता येते काय? मंग!"

उस्मानचं काम हिवाळ्यातलं. पोतं टाकून तो जंबेरीच्या रोपांच्या ओळीत बसायचा. चाकू बापाचा, मूठ झिजून बोटांच्या आकाराची झालेली. चांगल्या झाडावरून काढलेल्या काडीचा एक डोळा, म्हणजे पानाच्या बगलेतला तो फुटायच्या बेतातला ठिपका, सालीसकट अलगद उचलायचा. जंबेरीच्या खोडावर उभी-आडवी चीर द्यायची, तोंडातल्या तोंडात बिस्मिल्ला म्हणायचं, डोळा चिरेत सरकवायचा, पट्टी आवळायची. आणि शेवटी रोपाला एक हलकी चापट द्यायची, पोराला शाळेत ढकलताना देतात तशी. "जाय."

वीस-पंचवीस दिवसांनी पट्टी सोडली, आणि डोळा हिरवा निघाला तर आम्ही म्हणतो, डोळा लागला. काळा पडला तर गेला. कोणी उस्मानला विचारलं की शंभरात किती लागतील, तर तो चिडायचा. "बांधनं माह्या हाती हाय. लागनं माह्या हाती नाई. अन् जो कलमवाला ग्यारंटी देते ना, त्याले बागेत घुसू देऊ नोका."

असा हा माणूस. चौसष्ट वर्षांचा, काटकुळा, दाढी पांढरी, आणि आवाज असा की बांधावरून बोलला तर तीन वावरं पलीकडे ऐकू जावं.

मी सांगतो ती गोष्ट दोन हजार सतराच्या हिवाळ्यातली. ते वर्ष आमच्याकडे कोणी विसरणार नाही. कापसावर गुलाबी अळी अशी पडली की बोंड फोडावं तर आत अळीच. ज्या बियाण्याला अळी लागत नाही म्हणून लोकांनी रांगा लावून आणलं होतं, त्याच बियाण्याचं हे झाड. लोकांनी कापसाच्या उभ्या पराटीत गुरं सोडली. बागांकडे पाणी नव्हतं. विहिरी कधीच्या तळाला लागल्या होत्या, बोअर खाली खाली जात होते, आणि वाळलेली संत्र्याची झाडं करवतीने कापून ट्रॅक्टर भरभरून वीटभट्ट्यांकडे चालले होते. उस्मान रस्त्याच्या कडेला सायकल थांबवून त्या ट्रॅक्टरकडे बघायचा आणि खोडावरच्या जोडावरून झाड कोणाचं ते सांगायचा. "हे भगवंतरावाच्या वावरातलं. म्या बांधलं तवा इफ्फत जलमली होती."

इफ्फत ही त्याची धाकटी मुलगी. तिचंही थोडं सांगायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्या हातून गेली.

ती मोर्शीच्या शाळेत शिकली, मग बसने अमरावतीला जाऊन कॉलेज केलं, आणि एकोणतिसाव्या वर्षी तिथल्याच एका प्रयोगशाळेत पीएचडी करत होती. विषय होता यकृताचा कर्करोग, आणि त्यात किमोचं औषध काही दिवस चालून मग का थांबतं. त्यातही तिचा सगळा जीव एकाच गोष्टीत होता: आरएनए. त्यातही असे आरएनए, की ज्यांच्यापासून शरीरात काहीच तयार होत नाही.

पारावर डोमाजीने एकदा उस्मानला विचारलं होतं, "तुई पोट्टी अमरावतीले नेमकं काय शिकते बापा?"

उस्मानने घरी ऐकलं होतं तेवढं सांगितलं, "आपल्या आंगात बारीक बारीक चिठ्ठ्या असतात म्हने. काही चिठ्ठ्यायपासून माल तयार होते. अन् काही चिठ्ठ्यायपासून काहीच निघत नाई. ही त्या दुसऱ्या चिठ्ठ्या शिकते."

डोमाजी गंभीरपणे म्हणाला, "ज्या चिठ्ठीतून काहीच निघत नाई ती? मंग तिले अमरावतीले कायले पाठवलं? आपल्या ग्रामपंचायतीतच लय साठा हाय."

पार हसला. उस्मानही हसला, पण त्या दिवसापासून पोरीचा विषय निघाला की तो बिडी शोधायला लागायचा. सगळ्या गावाला फळ देणाऱ्या माणसाच्या पोरीने बिनफळाच्या गोष्टीवर सहा वर्षं घालवावीत, हे त्याला कुठेतरी टोचत होतं. घरी तो एवढंच म्हणायचा, "बेटा, फलवाली चिट्ठी पे काम करने को जगह नहीं थी क्या?" आणि इफ्फत म्हणायची, "अब्बा, आप चाय पियो."

महादेवरावांना यकृताचा कर्करोग निघाला तो त्या हिवाळ्याआधीच्या उन्हाळ्यात. या माणसाने आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता. तरुणपणी कावीळ झाली होती, तिचा विषाणू रक्तात दडून राहिला आणि तीस वर्षांनी त्याने हे केलं, असं डॉक्टर म्हणाले. मुलगा अमोल अकोल्याला राहतो, म्हणून तिथल्या दवाखान्यात किमो सुरू झाली. आणि गुण आला. गाठ दबली. महादेवराव पुन्हा बांधावर दिसू लागले, टक्कल लपवायला डोक्यावर उस्मानने दिलेली विणलेली टोपी. जो भेटेल त्याला म्हणायचे, "डोकं मुसलमानाचं, पोट हिंदूचं, गाठ कोनाची ते अजून ठरलं नाई."

दिवाळीला अमोल आला, तेव्हा बागेत रोडगे झाले. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे रोडगे, वर तुपाची धार, आणि वांग्याची भाजी. वऱ्हाडात रोडग्यांच्या जेवणाला वांगं नसलं तर लोक पंगतीतून उठून जातात. पण महादेवरावांना वांगं बंद होतं. ते बंद दवाखान्याने केलं नव्हतं. शेजारच्या माणिकबाईने केलं होतं. तिला सगळ्या रोगांची पथ्यं पाठ. "वांगं औषधाले मारते," ती म्हणाली होती, आणि सोबत स्वतःच्या हाताचा एक काळाकुट्ट काढाही देत होती, रोज सकाळी अर्धी वाटी.

त्या दिवशी महादेवराव ताटाकडे असे बघत राहिले, की त्यांच्या बायकोला, जमुनावैनींना, राहवलं नाही. त्यांनी दोन वांगी वाढली. महादेवरावांनी ती खाल्ली आणि बोटं चाटली.

नोव्हेंबरात पुन्हा तपासणी झाली. गाठ वाढली होती. औषध तेच, सलाईन तेच, पण गाठ आता दाद देत नव्हती.

जमुनावैनी घरी आल्या आणि थेट चुलीपुढे बसल्या. माणिकबाई ओट्यावर येऊन एकच वाक्य बोलून गेली, "म्या सांगतलं होतं व जमुना."

दुसऱ्या दिवसापासून वैनींनी भाजी सोडली. कोरडी भाकर, मीठ, पाणी. नेमच केला. "त्यायले गुण येईल तवाच माह्या तोंडात भाजी जाईन."

महादेवरावांनी समजावलं, रागावले, ताट ढकललं. उपयोग नाही. पंधरा दिवसांत वैनींच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. इकडे दवाखान्याने दुसरं औषध सांगितलं होतं. ते सुरू करायला सव्वीस डिसेंबरची, मंगळवारची तारीख दिली होती, आणि बजावलं होतं की आता आठवडे वाया घालवू नका. तेव्हा महादेवरावांनीही आपला नेम जाहीर केला.

"तू वांगं खाल्ल्याबिगर म्या अकोल्याले जात नाई."

"तुमाले गुण आल्याबिगर म्या वांगं खात नाई."

"मंग बस!"

"मंग बसा!"

आणि दोघं बसले. एक ओट्यावर, एक चुलीपाशी. अमोल फोनवर ओरडून थकला. गावाने आधी हसून पाहिलं, मग काळजी केली, आणि शेवटी उस्मानकडे बघितलं, कारण चाळीस वर्षांची दोस्ती त्याची.

उस्मानने पहिला प्रयत्न केला तो खोटं बोलून. ओट्यावर बसून मोठ्याने म्हणाला, "वैनी, इफ्फतचा फोन आलता. म्हने वांगं लिव्हरले लय चांगलं असते. अमेरिकेत तं वांग्याची गोयी करून देऊन राहिले."

आतून वैनींचा आवाज आला, "उस्मानभाऊ, तुमी खोटं बोलता तवा डावा कान खाजवता. आता खाजवून राहिले का नाई?"

उस्मानने कानावरचा हात खाली घेतला.

मग त्याने इफ्फतला बोलावून घेतलं. रविवार होता, सतरा तारीख. ती सकाळच्या बसने आली, घरी बॅग टाकली आणि बापासोबत महादेवरावांकडे गेली. मीही तिथे होतो. आधी तिने फाईल मागितली. दवाखान्याने दिलेला पथ्याचा कागद इंग्रजीत होता, तो कोणी वाचलाच नव्हता. तिने वाचला.

"काकू, यात वांगं नाई."

"नाई?"

"दारू हाय, तमाखू हाय, बुरशी लागलेले शेंगदाने हायत. अन् हे हाय, कोनतीबी जडीबुटी, काढा, डॉक्टरले इचारल्याबिगर घेऊ नये."

सगळ्यांची मान हळूहळू ओट्यावर बसलेल्या माणिकबाईकडे वळली. माणिकबाईने पदर सावरला. "माह्या काढ्यात काईच नसते," ती म्हणाली. "तुयस अन् गूळ. बाकी सांगनार नाई."

"तो बंद करा मावशी," इफ्फत म्हणाली. "पन औषध थांबलं ते तुमच्या काढ्यानं थांबलं असं मले वाटत नाई. अन् वांग्यानं तं नाईच नाई."

"मंग कायनं?" वैनींनी विचारलं. त्या बाईचा सगळा जीव त्या दोन शब्दांत होता.

इफ्फत सांगू लागली. चांगलं सांगत होती, पण पुस्तकातलं सांगत होती. म्हणाली, आपल्या प्रत्येक पेशीत एक मोठी पोथी असते. त्या पोथीतलं हवं तेवढं पान उतरवून चिठ्ठी काढतात, ती आरएनए. काही चिठ्ठ्या वाचून पेशी प्रथिनं बनवते, म्हणजे माल. पण खूपशा चिठ्ठ्या अशा की त्यांच्यापासून माल बनत नाही. आधी लोक त्यांना कचरा समजायचे. आता कळलं की त्या हुकूम चालवतात. त्यातल्या काही अगदी चिमुकल्या, वीस-बावीस अक्षरांच्या. त्या दुसऱ्या चिठ्ठीला जाऊन चिकटतात आणि तिचं काम थांबवतात. काही लांबलचक असतात, त्या या चिमुकल्यांना धरून ठेवतात, सुटू देत नाहीत. कर्करोगाच्या पेशीच्या अंगावर बारीक पंप असतात, आत आलेलं औषध बाहेर उपसणारे. एरवी चिमुकल्या चिठ्ठ्या त्या पंपांवर लगाम ठेवतात. पण औषधाचा मारा सुरू झाला, की कधी कधी लांब चिठ्ठ्या वाढतात, चिमुकल्या अडकून पडतात, लगाम सुटतो, पंप वाढतात. औषध जातं आणि तसंच बाहेर येतं.

महादेवराव लक्ष देऊन ऐकत होते. डोमाजी दारातून म्हणाला, "म्हंजे बोंडअळीसारखं. बियान्याले सरावली."

"थोडं तसं, डोमाजीकाका. पन अळीच्या पोथीतलीच अक्षरं बदलली. इथं कधी कधी पोथी तीच राहते. फक्त वाचायचं काय अन् झाकायचं काय, ते बदलते."

वैनींनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या इफ्फतच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "तू शिकली बाई. चांगलं केलं. पन ह्या चिठ्ठ्या म्या पाह्यल्या नाई. वांगं म्या पाह्यलं. ह्या हातानं वाढलं."

आणि त्या उठून चुलीपाशी गेल्या.

इफ्फतचा चेहरा उतरला. सहा वर्षांचा अभ्यास दोन वांग्यांपुढे हरला होता. उस्मानने बिडीही शोधली नाही. नुसता दाराबाहेर बघत राहिला, जिथून महादेवरावांची बाग दिसत होती.

बागेला तेव्हा ताण दिलेला होता. बाहेरच्या माणसासाठी हे सांगतो. संत्र्याला फुलं हवी असतील तर त्याला सुखात ठेवून चालत नाही. हिवाळा लागला की पाणी तोडायचं. महिना-दीड महिना थेंब द्यायचा नाही. पानं मलूल होतात, वळतात, काही गळतात, झाड असं दिसतं की नवखा माणूस म्हणेल हे गेलं. मग जानेवारीत पाणी सोडायचं, आणि तेच झाड फुलांनी फुटतं. त्याला बहार म्हणतात. कमी ताण दिला तर झाड नुसती पानं काढतं. जास्त दिला तर मरतं. बागायतदाराची सगळी अक्कल त्या दोघांच्या मधल्या पट्टीत असते.

उस्मान उठला. "वैनी," तो म्हणाला, "जरा बागेत या. इफ्फत, तूबी चाल. पाटील, तुमी हळूहळू या."

आम्ही सगळे गेलो. बाग सुकल्या पानांनी गप्प उभी होती. पायाखाली माती भेगाळलेली. उस्मान एका झाडापाशी बसला, जोडावर हात ठेवला.

"वैनी, ह्या झाडाले ताण कोनं देल्ला?"

"त्यायनंच. दुसरं कोन देईन?"

"जानेवारीत ते फुलं काढन. बरोबर?"

"हाव."

"झाड बदललं काय? दुसरं झालं?"

"नाई. झाड तेच."

"मुळं?"

"तेच. तुमच्या जंबेरीचे."

"मंग आतापावतो पानं काढून राहिलं होतं, आता फुलं काढायचं हे त्याले कोनं सांगतलं? तुमी काय खाऊ घातलं?"

वैनी त्याच्याकडे बघत राहिल्या. "कोनी काई खाऊ घातलं नाई. ताण बसला. मरनाची पाळी आली म्हनून झाड फुटलं."

"हाव ना!" उस्मानचा आवाज तीन वावरं पलीकडे गेला. "मरनाची पाळी आली म्हनून फुटलं! त्या गाठीचं बी तसंच झालं वैनी. औषध म्हंजे तिले देल्लेला ताण. लय पेशी मेल्या, म्हनून तं गाठ दबली होती. ज्या उरल्या त्याईनं मरन पाह्यलं अन् पोथीचं दुसरं पान उघडलं. तुमच्या वांग्याले कोनं इचारते तथी? वांगं पाटलाच्या पोटात गेलं अन् सकायी वावरात निघालं!"

महादेवराव मागून म्हणाले, "सकायी नाई. त्याच संध्याकायी."

माणिकबाईसुद्धा हसली. इफ्फत मात्र हसली नव्हती. ती बापाकडे टक लावून बघत होती, जणू हा माणूस तिने आज पहिल्यांदा पाहिला. मग तिने झाडाची एक मलूल पानाची डहाळी हातात घेतली.

"काकू, अब्बानं सांगतलं ते खरं हाय. ह्या झाडात बी तशाच चिमुकल्या चिठ्ठ्या हायत. पान काढायचं का फूल काढायचं, पान्याचा ताण सोसायचा कसा, त्यात त्यायचाबी हात असते. फय त्यायले लागत नाई. पन फय कवा लागन, ते ठरवायले त्या लागतात."

"फय लागत नाई, पन त्यायच्याबिगर बाग नाई," वैनी हळू म्हणाल्या. त्यांची नजर उस्मानवरून जोडावर गेली आणि परत उस्मानवर आली. "म्हंजे उस्मानभाऊसारख्या."

उस्मानने घाईघाईने बिडी शोधली. या वेळी कारण वेगळं होतं.

वैनींनी झाडाला हात लावला. मग त्यांनी खरा प्रश्न विचारला, "मंग दुसऱ्या औषधालेबी गाठ अशीच फुटन तं?"

इफ्फतने खोटं सांगितलं नाही. त्याबद्दल मला तिचा अभिमान आहे. ती म्हणाली, "फुटू शकते काकू. दुसरं औषध दुसऱ्या वाटेनं जाते, म्हनून ते चालायची आशा हाय. किती दिवस चालन, ते कोनी सांगू शकत नाई. आमी ह्या चिठ्ठ्यायलेच लगाम घालता येते का ते पाहून राहिलो. पन ते अजून प्रयोगशाळेच्या नळीत हाय, दवाखान्यात नाई."

"ग्यारंटी नाई म्हंजे."

"नाई काकू."

महादेवरावांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "पोरी, म्या चाळीस वर्स संत्रा लावला. हा तुवा बाप रोप देऊन म्हने, बांधनं माह्या हाती, लागनं नाई. त्याच्या शब्दावर म्या अख्खी बाग उभी केली. आता तुले ग्यारंटी मागू काय?" मग ते बायकोकडे वळले. "पन ते वांग्याचं राह्यलंच हाय."

वैनी घराकडे चालू लागल्या. कोणालाच कळेना, काय झालं ते. आम्ही घरी पोचलो तेव्हा त्या परसात वाकून वांगी तोडत होत्या. तोडता तोडता म्हणाल्या, "आज नाई. येत्या रविवारी. बागेतच. जथी माह्याकडून वांगं पडलं तथीच उचलीन."

रविवारी, चोवीस तारखेला, बागेत पुन्हा गोवऱ्या पेटल्या. रोडगे डोमाजीने भाजले, अर्धे करपवले. उस्मानच्या घरून कुलसुमबीने जंबेरीचं लोणचं पाठवलं होतं. इफ्फत रजा टाकून आली होती. वांग्याची भाजी वैनींनीच केली. सुकलेल्या झाडांच्या मधोमध सतरंजी पडली, ताटं मांडली, आणि सगळे हात आवरून बसले. महादेवरावांनी स्वतःच्या ताटातलं एक वांगं उचलून बायकोच्या ताटात ठेवलं.

वैनींनी ते मोडलं. घास केला. हात थांबला. त्यांनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा झाडांकडे. मग घास तोंडात घातला आणि चावू लागल्या. डोळे भरून आले होते, पण चावणं थांबलं नाही. महिनाभराची भूक होती ती.

"मीठ कमी झालं," वैनी म्हणाल्या.

महादेवराव असे हसले, की टोपी लोणच्यात पडली.

मंगळवारी पहाटेच्या बसने दोघं निघाले. उस्मान बडनेऱ्यापर्यंत सोबत गेला, अकोल्याच्या गाडीत बसवून द्यायला. डब्यात वांग्याची भाजी होती, मीठ या वेळी जास्त. गाडी हलली तेव्हा उस्मानने खिडकीतून हात घातला आणि महादेवरावांच्या पाठीवर हलकी चापट दिली.

"जाय."

मार्चमध्ये तपासणी झाली. गाठ गेली नव्हती, पण वाढलीही नव्हती. डॉक्टर म्हणाले हेच चालू ठेवू. महादेवरावांनी पारावर येऊन सांगितलं, "डोया हिरवा हाय," आणि आम्हा सगळ्यांना कळलं.

त्या वर्षी बाग फुलली तीही सांगायला हवी. जानेवारीत होतं तेवढं पाणी झाडं निवडून दिलं, सगळ्यांना पुरण्यासारखं नव्हतंच. फेब्रुवारीत पांढऱ्या फुलांच्या वासाने बाग अशी भरली, की बसमधले लोक खिडक्या उघडू लागले. उस्मान आता पारावर कोणी न विचारता सांगतो, "माही पोट्टी त्या चिठ्ठ्या शिकते ज्यायले फय लागत नाई. लय मोठा इषय हाय, तुमाले नाई समजनार."

सगळ्यात जास्त फुललं ते कुंपणाजवळचं कोपऱ्यातलं झाड. त्याच्या बुडाशी जमुनावैनींनी, इफ्फतने बंद सांगितल्यावरही माणिकबाई आणून देत राहिली तो काढा ओतला होता, तिचं मन मोडू नये म्हणून घ्यायच्या आणि मागच्या दाराने नेऊन टाकायच्या. माणिकबाईला हे कळलं तेव्हा ती रागावली नाही. ती कमरेवर हात ठेवून त्या झाडासमोर उभी राहिली आणि जो येईल त्याला दाखवू लागली.

"पाहा," ती म्हणते, अजूनही म्हणते. "अन् म्हने काढ्यात काई नसते."